मानेचा होकार

कार्यशाळेच्या सरांना अख्खी शाळा 'होहो सर' म्हणायची, कारण त्यांनी आजवर कुणाला कशाला नाही म्हटल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. पाणी प्यायला जाऊ? हो हो. ही फळी घेऊ? हो हो. गेल्या वर्षी एका टारगट पोराने अगदी गंभीर चेहरा करून विचारलं होतं, "सर, शाळा विकून टाकू का?" त्यालाही सरांनी मान डोलावली होती आणि वर "घाई करू नकोस, नीट कर" असं बजावलं होतं. हा किस्सा सांगताना मुलांची हसून पुरेवाट व्हायची.

शिक्षक होण्याचं शिक्षण घेणारी एक मुलगी आठ आठवड्यांच्या सरावासाठी या शाळेत आली, तेव्हा पहिल्याच तासाला तिला हा किस्सा तीन वेगवेगळ्या बाकांवरून ऐकायला मिळाला. मुख्याध्यापिकांना सगळे 'मोठ्या बाई' म्हणत, म्हणून हिच्या वाट्याला आपोआप 'छोट्या बाई' आलं. वय तेवीस. भौतिकशास्त्रात पहिली आलेली. घर्षणावर बोल म्हटलं तर फळा भरून टाकेल, पण हातात करवत दिली की लाकूड एका वाटेने आणि करवत दुसऱ्या. विज्ञानाला जोडून कार्यशाळेचा सराव हिला का दिला, हे देणाऱ्यालाच ठाऊक. दुसऱ्या दिवशी खिळा ठोकताना तिने स्वतःच्या अंगठ्यावर असा काही हातोडा हाणला की पुढच्या बाकावरची मुलं आदराने उठून उभी राहिली.

कार्यशाळा शाळेच्या मागे होती. पत्र्याचं छप्पर, सहा लांब बाकं, भिंतीवर प्रत्येक हत्याराची रंगवलेली आकृती आणि त्या आकृतीवर टांगलेलं ते ते हत्यार. एका कोपऱ्यात सोल्डरिंगचं टेबल, समोरच्या कोपऱ्यात जमिनीला बोल्टने जखडलेलं ड्रिल मशीन, त्याच्या बाजूला तळहाताएवढं लाल बटण. भुशाचा आणि तापलेल्या राळेचा वास कपड्यांना असा चिकटायचा की घरी तिची थोरली बहीण दारातच म्हणायची, "आलं फर्निचर."

सर मात्र तिला पहिल्या आठवड्यातच आवडून गेले. सत्तावन्न वर्षांचे, हडकुळे, शर्टाच्या खिशात नेहमी एक पेन्सिल आणि एक चपटी डबी. ते फार बोलत नसत. मुलगा रंधा मारत असला की त्याच्या बाकावर तळहात टेकवून उभे राहत आणि म्हणत, "पातं जरा वर घे, खातंय जास्त." ड्रिल चालू असलं की मशीनच्या टेबलाला बोटं लावून सांगत, "बिट बोथट झालंय, थांबव." डोळे मिटूनसुद्धा त्यांचं चुकत नसे. तिला करवत शिकवली तीही त्यांनीच. "ढकलू नकोस तिला. तिला जायचंच असतं, तू फक्त वाट दाखव." चौथ्या दिवशी तिच्या हातून सरळ रेषेत फळी कापली गेली, तेव्हा तिने तो कापलेला तुकडा पर्समध्ये घालून घरी नेला आणि बहिणीला दाखवला. बहीण औषधांच्या दुकानात कामाला होती. तिने तुकडा उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "दिवसातून किती वेळा घ्यायचा?"

आठवीचा वर्ग हाताने फिरवायचं छोटं जनित्र बनवत होता. दांडा फिरवायचा, तारेचं वेटोळं चुंबकांमध्ये फिरायचं आणि एक इवलासा दिवा लागायचा. मुलांचे गट पाडले होते. त्यातल्या एका गटाची म्होरकी होती तेरा वर्षांची एक मुलगी. तिला वर्ग 'टकटक' म्हणायचा, कारण कुठलीही वस्तू हातात आली की ती आधी बोटाच्या पेराने वाजवून पाहायची. फळी, पत्रा, भिंत, एकदा तर मोठ्या बाईंचं कपाटसुद्धा. तिची आई शिवणकाम करायची. वडील नव्हते. टकटकच्या हाताला मात्र उपजतच वळण होतं. तिने गुंडाळलेली तार अशी ओळीने बसायची की सर ती इतर मुलांना नेऊन दाखवायचे.

"बाई, तुम्ही हे पुस्तकात शिकलात ना?" टकटकने एकदा विचारलं.

"हो."

"मग तुम्हाला माहीत होतं तर तुम्ही कधीच बनवून का नाही पाहिलं?"

छोट्या बाईंनी त्या दिवशी घरी जाऊन एक वेटोळं गुंडाळलं. पाचव्या प्रयत्नाला दिवा लागला.

तिसऱ्या आठवड्यात तिला ती गोष्ट कळली. शाळा सुटली होती. सर पाठमोरे उभे राहून पटाशीला धार लावत होते आणि ती हत्यारं मोजून भिंतीवर टांगत होती.

"सर, एक गुण्या कमी आहे."

"हो हो."

"नाही, म्हणजे सापडत नाहीये."

"हो हो, चालेल."

तिला हसू आलं. मुलांचा किस्सा आठवून तिलाही चेव आला. "सर, मी उद्यापासून येणार नाहीये."

"हो हो. उत्तम."

"सर, पत्र्याला आग लागलीय."

सरांनी मान डोलावली आणि पटाशीची धार अंगठ्याने पारखली. मग ते वळले. तिचं हसू तिच्या चेहऱ्यावरून उतरलं होतं आणि तोंड तसंच उघडं राहिलं होतं. त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. पटाशी हळूच बाकावर ठेवली.

"काय म्हणालीस?"

सरांनी खिशातली चपटी डबी काढून उघडली. आत कानाचं यंत्र होतं.

"हे घातलं की मशीन चालू झाल्याबरोबर डोक्यात शिट्टी वाजते. सगळे आवाज एक होतात. म्हणून इथे काढून ठेवतो. समोर तोंड असलं की ओठांवरून कळतं बऱ्यापैकी. पाठीमागून नुसती गुणगुण, शब्द एकही नाही. तीस वर्षं या मशीनांत काढली. त्यांनीच घेतले कान. तक्रार नाही."

"पण सर, मुलं काही विचारतात आणि तुम्ही..."

"मुलं काय विचारतात? पाणी, फळी, खिळे. हो म्हटलं की काम भागतं. सारखं सारखं 'काय? काय?' केलं की पोरं चार दिवसांत ओळखतात. मग तास संपलाच म्हणायचा." त्यांनी डबी बंद केली. "निवृत्तीला सात महिने राहिलेत माझे. माझ्या जागी कुणी यायचं नाही, हेही मला ठाऊक आहे. तेवढे सात महिने मला पोरांना शिकवू दे."

तिने काय करायला हवं होतं, हे पुढे तिला पुष्कळ जणांनी सांगितलं. त्या संध्याकाळी सांगायला कुणी नव्हतं. ती म्हणाली, "मी ड्रिलपाशी उभी राहत जाईन सर. तिकडचं माझ्याकडे."

सरांना ते ओठांवरून कळलं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्या हाताचं ओझं तिला घरी पोचेपर्यंत जाणवत राहिलं.

मग दोन आठवडे तसंच चाललं. मशीन सुरू झालं की ती तिथे असायची. मुलं तिलाच विचारायची, तिलाच दाखवायची. एकदा एका मुलाची बाही बिटच्या फार जवळ गेली, तिने ती वेळेवर मागे ओढली. सर लांबून पाहत होते. त्यांनी छातीवर हात ठेवून मान लववली. आपण दोघं मिळून एक अख्खा शिक्षक आहोत, असं तिला वाटलं आणि त्याचा तिला थोडा अभिमानही वाटला.

सहाव्या आठवड्यात तिच्या प्रशिक्षण वर्गाच्या मार्गदर्शिका पाठ पाहायला आल्या. हा गुणांचा पाठ होता. विषय त्यांनीच आदल्या दिवशी कळवला होता: सोल्डरिंगमधून विद्युत मंडलाची ओळख. सोल्डरिंगचं टेबल एका टोकाला, ड्रिल दुसऱ्या टोकाला. तिने आदल्या दिवशीच सरांना लिहून विचारलं होतं की उद्यापुरतं ड्रिल बंद ठेवता येईल का. सर म्हणाले होते, बंदच ठेवतो. पण त्या दिवशी टकटकच्या गटाचं सगळं जुळून फक्त दांड्याच्या आधाराला दोन भोकं पाडायची राहिली होती. पाहुण्या बाई आल्यात तर त्यांच्यासमोर दिवा लागायला हवा, असा मुलांनी धोशा लावला. आणि सर, कितीही झालं तरी, हो म्हणणारेच होते.

पाठ छान रंगला होता. मार्गदर्शिका टेबलाशेजारी खुर्ची घेऊन बसल्या होत्या आणि भराभर लिहीत होत्या. छोट्या बाई मुलांना समजावत होत्या की सोल्डरचा टाका तांब्याला धरेपर्यंत उष्णता कुठून कुठे जाते. बोलता बोलता तिची नजर खोलीच्या त्या टोकाला गेली. टकटक ड्रिलपाशी उभी होती. तिच्या हातात ॲल्युमिनियमची एक आखूड पट्टी होती आणि ती मशीनखालच्या शिकंज्यात, म्हणजे घट्ट धरणाऱ्या पकडीत, बसत नव्हती. टकटकने दोनदा बसवून पाहिली. मग ती सरांकडे वळली. सर चार पावलांवर एका मुलाला रंधा धरायला शिकवत होते, पाठमोरे. टकटकने त्यांच्या पाठीला काहीतरी विचारलं. सरांनी अर्धवट वळून, तिच्याकडे न पाहता, मान डोलावली.

टकटकने शिकंजा सोडवून बाजूला ठेवला.

ते छोट्या बाईंनी पाहिलं. पाहिलं आणि त्याचा अर्थही तिला कळला. पट्टी हाताने धरायची नसते, हे तिनेच त्या वर्गाला शिकवलं होतं. पण ती एका वाक्याच्या मध्यावर होती, समोर पेन चालू होतं, आणि तिच्या मनात आलं, एवढं वाक्य पुरं करते आणि जाते. "म्हणून टाका थंड होईपर्यंत," ती म्हणाली, "तार हलवायची नाही."

मग एक वेगळाच आवाज आला, पत्रा घुमल्यासारखा, आणि त्यावर टकटकची किंकाळी.

ती धावली. बाकं ओलांडून कशी गेली ते तिला पुढे कधीच आठवलं नाही. लाल बटण तिने मूठ आपटून दाबलं. बिटने पट्टी पकडून पंख्यासारखी गरकन फिरवली होती आणि पट्टीची कड टकटकच्या उजव्या हातावरून गेली होती. छोट्या बाईंनी आपल्या अंगातला ॲप्रन काढून हाताभोवती आवळला. टकटक आता रडत नव्हती. पांढरीफटक पडून ती पुन्हा पुन्हा एकच सांगत होती, "मी विचारलं होतं बाई. मी विचारलं होतं."

सर अजून रंधा मारणाऱ्या मुलावर वाकलेले होते. त्या मुलानेच त्यांचा शर्ट ओढून त्यांना मागे वळवलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी टकटकच्या आईला स्वतःच्या हातावर दाखवून सांगितलं की बोट वाकवणारी जी दोरी असते ती दोन बोटांत तुटली आहे. शिवली आहे, पण पहिल्यासारखं होईलच असं नाही. तर्जनी बहुतेक पुरी मिटणार नाही. आईने हे सगळं ऐकून घेतलं आणि छोट्या बाईंचे दोन्ही हात हातात घेतले. "तुम्ही होतात म्हणून, बाई. तुम्ही धावलात म्हणून. नाहीतर काय झालं असतं, देवच जाणे." त्या माउलीच्या पदराला सुया टोचलेल्या होत्या, घाईत तशाच राहिलेल्या. छोट्या बाईंनी आपले हात तसेच तिच्या हातांत राहू दिले.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी तिला बोलावून कोरा कागद पुढे केला. "जे पाहिलंत ते लिहा."

तिने लिहिलं. सगळं लिहिलं. सरांना ऐकू येत नाही, हे तिला तीन आठवड्यांपासून माहीत होतं. तिने ते कुणाला सांगितलं नाही. मुलीने परवानगी विचारली आणि सरांनी मान हलवली. शिकंजा निघालेला तिने स्वतः पाहिला आणि आधी वाक्य पुरं केलं. कागद दिल्यावर तिला मोकळं वाटलं. आता जे व्हायचं ते होऊ दे.

मोठ्या बाईंनी कागद दोनदा वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्या काही दुष्ट बाई नव्हत्या. मुलांना नावानिशी ओळखायच्या आणि छपराचा गळका पत्रा स्वतः उभं राहून बदलून घ्यायच्या.

"हे असं नाही चालणार," त्या म्हणाल्या. "तुम्ही पाहिलंत तेवढं लिहा. कुणाला ऐकू येतं, कुणाला येत नाही, हे तुम्ही पाहिलेलं नाही. तुम्ही काही डॉक्टर नाही."

"पण सरांनी मला स्वतः सांगितलं."

"मलाही सांगितलं होतं." मोठ्या बाईंनी आवाज खाली आणला. "दोन वर्षांपूर्वी. लेखी दिलं होतं. मशीनचे तास काढून घ्या म्हणाले होते, किंवा एक मदतनीस द्या. मी वर कळवलं. वरून काही आलं नाही. मग मी तो कागद फायलीत ठेवला आणि तास चालू ठेवले, कारण ते बंद केले असते तर कार्यशाळाच गेली असती. आता तुम्ही हे लिहिलंत की ती फाईल उघडणार. सर जातील, मी जाईन, कार्यशाळा जाईल. त्या मुलीचं बोट त्याने वाकणार आहे का?"

ती म्हणाली, "मग त्या मुलीबद्दल काय लिहायचं?"

"जे खरं आहे तेच. शिकंजा तिने काढला."

"विचारून काढला."

"ते कुणी ऐकलं?"

कुणीच ऐकलं नव्हतं. खोलीच्या त्या टोकाचं बोलणं मशीनच्या आवाजात तिलाही ऐकू आलेलं नव्हतं. तिने फक्त ओठ हललेले पाहिले होते आणि मान हललेली पाहिली होती. मोठ्या बाईंनी तिचा कागद खणात सरकवला आणि दुसरा कोरा कागद काढला. तिने तो लिहायला नकार दिला. "नका लिहू," मोठ्या बाई थकल्या आवाजात म्हणाल्या, "तुम्ही इथल्या नोकरीतल्या नाहीच. तुमच्या कागदावाचून अडत नाही." आणि खरोखरच अडलं नाही.

तिने मार्गदर्शिकांना गाठलं. त्या म्हणाल्या, माझं लक्ष तुझ्या पाठाकडे होतं, मला काही दिसलं नाही. आणि हे बघ, सराव अर्धवट राहिला तर वर्ष जाईल. घरी बहिणीला सांगितलं. बहिणीने एकदाही थट्टा केली नाही, आणि त्यावरूनच तिला कळलं की प्रकरण किती हाताबाहेर गेलंय.

"तू मोठ्या बाईंना आधीच सांगायला हवं होतंस," बहीण म्हणाली.

"त्यांना आधीच माहीत होतं, ताई."

"मग तू मला सांगायला हवं होतंस."



सर वाचनालयात बसायला लागले होते. कार्यशाळेला कुलूप होतं. ती त्यांना भेटायला गेली, तेव्हा ते पुस्तकांच्या पाठीवर चिठ्ठ्या डकवत होते. यंत्र कानात घातलेलं होतं. वाचनालयात शिट्टी वाजायचं कारण नव्हतं.

"मी सांगितलं मोठ्या बाईंना," ते तिच्याआधीच बोलले. "माझी चूक आहे, असं लिहून देतो म्हणालो. त्या म्हणाल्या, सर, तुम्हाला नेमकं आठवतं का मुलीने काय विचारलं? आता ऐकूच आलं नाही ते आठवणार कसं? तर त्या म्हणाल्या, मग लिहिता कशाच्या आधारावर?" ते हसले, पण ते हसू पाहवत नव्हतं. "मी रोज त्या मानेला शिव्या देतो बघ. एकदा, फक्त एकदा, काय गं म्हणून विचारलं असतं."

"मीसुद्धा वाक्य तोडलं असतं तर..."

"तू पोर आहेस."

"टकटक माझ्याहून लहान आहे, सर."

सरांनी पुढची चिठ्ठी उचलली. वाचायला आलेली दोन मुलं त्यांच्याकडे टकमक पाहत होती.

शाळेने अहवाल तयार केला: विद्यार्थिनीने सूचनेचं उल्लंघन करून सुरक्षा साधन काढलं. पालकांनी ते वाचून सही करायची होती. सही झाली की मुलीवर आणखी कारवाई होणार नव्हती आणि उपचाराचे कागद शाळा पुढे पाठवणार होती. हे कळल्यावर छोट्या बाई थेट टकटकच्या घरी गेल्या. दोन खोल्या, खिडकीशी शिलाई मशीन, भिंतीला लटकवलेले अर्धे शिवलेले कपडे. तिने आईला सगळं सांगितलं. काहीही राखून ठेवलं नाही, स्वतःचं वाक्यसुद्धा नाही. आईचा चेहरा आधी ओढला गेला, मग बंद झाल्यासारखा झाला. दवाखान्यात धरलेले ते हात आता मांडीवर घट्ट मिटलेले होते.

"सही करू नका," ती म्हणाली. "मी येते तुमच्याबरोबर. जिथे सांगायचं तिथे सांगते."

"आणि मग?" आईने विचारलं. "तुमचे किती आठवडे राहिलेत इथे?"

"दोन."

"हिची अजून तीन वर्षं राहिलीत. याच शाळेत. दुसरी शाळा पायी जायच्या अंतरावर नाही." आईने मशीनवरचं कापड सरळ केलं. "तुम्ही खरं बोलताय, बाई. कळतंय मला. पण तुमचं खरं घेऊन मी करू काय?"

आतल्या खोलीतून टकटक आली. हात गळ्यात बांधलेला. ती आईच्या मागे उभी राहिली आणि छोट्या बाईंकडे पाहत म्हणाली, "मी विचारलं होतं ना? तुम्ही पाहिलंत ना?"

"हो. पाहिलं."

"आई, बघ. बाईंनी पाहिलं." तेवढ्याने तिचा चेहरा उजळला. तिला वाटलं, आता झालं. पाहणारं माणूस घरी येऊन सांगतंय, म्हणजे आता सगळं नीट होणार. आईने दुसऱ्या दिवशी सही केली.

छोट्या बाईंनी वरच्या कार्यालयाला स्वतः पत्र लिहिलं. दहा दिवसांनी चार ओळींचं उत्तर आलं. शाळेचा अहवाल पालकांच्या सहीनिशी प्राप्त झाला असून विषय बंद करण्यात आला आहे.

शेवटचे दोन आठवडे कार्यशाळेचा तास वर्गात, वहीवर झाला. पाठ्यक्रमात होतं म्हणून तिला ड्रिल मशीनची आकृती काढून भागांना नावं द्यायला शिकवावं लागलं. मुलं मुकाट्याने काढत होती. टकटक परत आली होती. ती डाव्या हाताने रेघा ओढायची, त्या वाकड्या जायच्या, ती खोडायची, पुन्हा ओढायची. मधेच एकदा ती उठली. "बाई, पाणी प्यायला जाऊ?"

"हो, जा."

टकटक जागची हलली नाही. ती जवळ आली, अगदी समोर, आणि म्हणाली, "नक्की जाऊ? तुम्ही ऐकलंत ना मी काय विचारलं?"

"ऐकलं. पाणी प्यायला जाऊ का म्हणालीस. जा."

टकटक गेली. छोट्या बाई फळ्याकडे तोंड करून आधीच पुसलेला फळा खूप वेळ पुसत राहिल्या.

सरावाच्या वहीत शेवटचा शेरा सरांनी द्यायचा असतो. शेवटच्या दिवशी तिने वही वाचनालयात नेऊन दिली. सरांनी तिला बाहेर थांबायला सांगितलं. बऱ्याच वेळाने त्यांनी वही परत केली. पान भरून त्यांच्या टोकदार अक्षरांत लिहिलेलं होतं. आधी तिच्याबद्दल चार ओळी. मग: 'अपघाताच्या वेळी विद्यार्थिनीने मला परवानगी विचारली. मला ऐकू आलं नव्हतं. तरी मी मानेने होकार दिला. मुलीचा दोष नाही. या बाईंनी धाव घेतली नसती तर मुलीचा हात गेला असता. माझ्या ऐकण्याबद्दल शाळेला मी दोन वर्षांपूर्वी लेखी कळवलं आहे.' खाली सही, तारीख, आणि कंसात 'पूर्ण शुद्धीत'.

"एवढा एकच कागद माझ्या हातात होता," सर म्हणाले.

तिने त्यांना वाकून नमस्कार केला आणि वही शिक्क्यासाठी कार्यालयात नेली. कारकुनाने पान वाचलं, तिच्याकडे पाहिलं, आणि वही घेऊन आत गेला. ती बाकावर बसून राहिली. शाळा सुटली, मुलं ओरडत निघून गेली, झाडूवाल्या मावशी पायऱ्या झाडून गेल्या. तिने उठून दोनदा दारातून आत डोकावलं. "येतंय, येतंय," कारकून म्हणाला.

मग तो बाहेर आला. हातात नवीकोरी वही होती. आठही आठवड्यांच्या नोंदी कुणीतरी सुवाच्य अक्षरात उतरवल्या होत्या. शेवटच्या पानावर तीनच ओळी होत्या, मोठ्या बाईंच्या सहीच्या, शिक्का मारलेल्या. 'अध्यापन: चांगले. वर्गावर नियंत्रण: चांगले. प्रसंगावधान: उत्कृष्ट.'

"माझी वही?"

"खराब झाली होती म्हणे. शाई सांडली." कारकुनाने तिच्या डोळ्यांकडे न पाहता सांगितलं. तो मध्यमवयीन, भला माणूस होता, दुपारी आपल्या डब्यातलं तिच्यापुढे करायचा. "घेऊन जा, बाई. चांगले शेरे आहेत. कामाला येतील."

आत जायला तिने दाराला हात लावला. मोठ्या बाई मागच्या दाराने केव्हाच घरी गेल्या होत्या. कपाट बंद होतं, किल्ली त्यांच्याकडे. वाचनालयालाही कुलूप लागलं होतं. कारकून दिवे मालवायला लागला. एकेक दिवा गेला तशी तीही एकेक पाऊल दाराकडे सरकली, कारण अंधारात तिथे उभं राहून करायचं तरी काय.

दुसऱ्या दिवशी तिने ती वही प्रशिक्षण वर्गात जमा केली. मार्गदर्शिकांनी शेवटचं पान पाहिलं आणि समाधानाने मान हलवली. "उत्कृष्ट," त्या म्हणाल्या. "बघ, उगाच घाबरली होतीस."

वही इतर वह्यांच्या गठ्ठ्यावर ठेवली गेली. तिच्या मागे रांगेत आणखी अकरा जणी उभ्या होत्या. पाठीमागच्या मुलीने विचारलं, "झालं ना तुझं? सरकतेस का जरा?" आणि ती सरकली.